जुन्या ग्रंथांचे संपादन आणि अनुदानाचा प्रश्न

करंज्याच्या बंदरातून उरणच्या रस्त्याला लागले की द्रोणागिरीच्या पायथ्याच्या बाजूने चाणजे गाव येते. रेवसची लाँच गाठण्यासाठी धावणाऱ्या माणसाला या गावात थांबण्याचे काही कारण नसते. परंतु इतिहासाच्या ग्रंथांत या गावाचे नाव एका दगडामुळे कायमचे राहिले आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील शेवटचा राजा सोमेश्वर याचा शके ११८२ चा, म्हणजे इ. स. १२६० चा, शिलालेख येथे सापडला. उरणमधील एका बागेचे ठराविक उत्पन्न राजाने ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला लावून दिले, असा त्या लेखाचा आशय आहे. शेजारच्या रानवडचाही याच राजाचा, एक वर्ष आधीचा, लेख प्रसिद्ध आहे. त्या काळी असलेले उरण-करंजाचे बेट पुढे इंग्रजी अमदानीत पनवेल तालुक्यात मोडू लागले आणि १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात या परिसराची सविस्तर माहिती आली.

राजाने देवाला दान दिले आणि ते दगडावर कोरून ठेवले. सातशे वर्षांनंतर तो दगड कोणीतरी वाचावयास हवा होता. त्यावरील झिजलेली अक्षरे शाईच्या ठशावर घ्यावयाची, ती इतर लेखांतील अक्षरांशी ताडून पाहावयाची, शकाचा आणि तिथीचा हिशेब जुळवावयाचा, गावांची जुनी नावे आजच्या नकाशावर शोधावयाची, हे सर्व काम कोणीतरी करावयास हवे होते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते केले. शिलाहारांचे सर्व लेख एकत्र संपादन करून त्यांनी मराठीत १९७४ साली नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळातर्फे आणि इंग्रजीत १९७७ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांच्या वयाची ऐंशी वर्षे उलटून गेली होती. आज आपल्यापैकी कोणीही ग्रंथालयात जाऊन चाणज्याचा लेख दहा मिनिटांत वाचू शकतो. ही दहा मिनिटे आपल्याला फुकट मिळालेली नाहीत. त्यांची किंमत कोणी, कशी आणि का मोजली, हाच या लेखाचा विषय आहे.

पैसा कशावर खर्च होतो?

जुन्या ग्रंथाची आवृत्ती काढावयाची म्हणजे हस्तलिखित छापखान्यात द्यावयाचे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. त्यामुळे अनुदान म्हटले की कागद आणि छपाई एवढेच डोळ्यांसमोर येते. वस्तुतः चिकित्सक आवृत्तीच्या खर्चात छपाई ही शेवटची बाब आहे.

हाताने नकलून घेतलेल्या ग्रंथाच्या दोन प्रती कधीही सारख्या नसतात. नकलणारा थकतो, ओळ गाळतो, न समजलेला शब्द बदलून सोपा करतो आणि कधी भक्तिभावाने स्वतःच्या चार ओळी घालतो. मोडी लिपीत तर ऱ्हस्व आणि दीर्घ असा भेदच नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ मोडीत एकसारखेच दिसतात; ‘सुत’ आणि ‘सूत’ही तसेच. मुलगा की जाळे विणण्याचा धागा, हे संपादकाने संदर्भावरून ठरवावयाचे असते. एक शब्द असा ठरविण्यात कधी एक दुपार जाते.

म्हणून संपादक प्रथम उपलब्ध प्रतींचा शोध घेतो. त्या मठांत, देवळांत, वाड्यांच्या माळ्यांवर आणि परगावच्या संग्रहालयांत विखुरलेल्या असतात. मग प्रत्येक प्रतीतील पाठ एकमेकांशी ताडून पाठभेद नोंदवितो. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, याची वंशावळ लावतो. त्यानंतर मूळ संहिता निश्चित करून तळाशी पाठभेद देतो आणि शेवटी प्रस्तावना, शब्दकोश व सूची तयार करतो. या कामाला प्रवासखर्च लागतो, प्रतींची छायाचित्रे लागतात, लिपी जाणणारे साहाय्यक लागतात. पण सर्वांत जास्त लागतो तो वेळ. आठवड्याला सोळा-अठरा तास शिकविणारा प्राध्यापक दिवाळीच्या सुट्टीत हे काम करू लागला, तर त्याच्या हयातीत ते पुरे होत नाही. अनुदान म्हणजे मुख्यतः विकत घेतलेला वेळ होय. हे एकदा ध्यानात आले की पुढचा सारा इतिहास समजणे सोपे जाते.

दक्षिणेपासून सुरुवात

महाराष्ट्रात विद्येसाठी सार्वजनिक पैसा खर्च करण्याची चाल जुनी आहे. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची पद्धत सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावी सुरू केली आणि पुढे पेशव्यांनी ती पुण्यात चालविली. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने दक्षिणेसाठी वर्षाला ५०,००० रुपये चालू ठेवले. १८२१ साली पुण्यात निघालेल्या हिंदू कॉलेजचा खर्च याच निधीतून झाला. पुढे, १८४९ साली, पुण्यातील सुधारकांनी अशी मागणी केली की या पैशातील काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना आणि भाषांतरकारांना बक्षीस म्हणून द्यावा. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी निर्माण झाली. मराठीतील ग्रंथनिर्मितीच्या अनुदानाची ही पहिली ठळक व्यवस्था म्हणता येईल.

परंतु पैसा देणारी समिती आली की निवड आली, आणि निवड आली की नकारही आला. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले. नाटक छापले गेले नाही आणि त्याचे हस्तलिखित जवळजवळ सव्वाशे वर्षे दृष्टीआड राहिले. १९७९ साली ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात ते प्रथम प्रसिद्ध झाले. मधल्या तीन-चार पिढ्यांनी मराठी नाटकाचा इतिहास या नाटकावाचून शिकला आणि शिकविला. अनुदानाच्या समितीने ‘नाही’ म्हटल्याने एक पुस्तक निघत नाही एवढेच घडत नसते. पुढच्या अभ्यासक्रमाचा चेहराच बदलतो.

संस्थानिकांनीही या कामाला हात लावला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढून त्यांच्या व्याजातून देशी भाषांतील ग्रंथ आणि भाषांतरे प्रसिद्ध करण्याची सोय केली. ‘श्री सयाजी साहित्यमाला’ त्यातून चालली. संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्यांसाठी गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघाली. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर काम चालविण्याची ही रीत महत्त्वाची आहे. दरवर्षी मंजुरीसाठी हात पसरावे लागत नाहीत, आणि दाता बदलला तरी काम एकदम बंद पडत नाही.

याच्या उलट टोकाला वि. का. राजवाडे. गावोगाव पायपीट करून त्यांनी दप्तरे गोळा केली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढले. त्यांच्या त्यागाविषयी आपण नेहमी आदराने बोलतो आणि ते योग्यच आहे. पण एका माणसाच्या हालअपेष्टांना आपण संशोधनाची पद्धत मानू लागलो, तर ती आपली आळशी कृतज्ञता ठरेल.

तुकारामबावांची गाथा

तुकारामबावांच्या गाथेची कहाणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याचे शिक्षणाधिकारी सर अलेक्झांडर ग्रँट यांना तुकोबांच्या अभंगांत रस उत्पन्न झाला होता. सरकारने गाथेच्या शुद्ध आवृत्तीसाठी २४,००० रुपये मंजूर केले. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील प्रती मिळवून त्यांवरून संपादन केले, आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ साली दोन भाग निघाले. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती. परंतु पुढील शंभर वर्षे जो कोणी तुकोबांवर लिहावयास बसला, त्याला या आवृत्तीकडे यावे लागले. फ्रेझर आणि मराठे यांनी १९०९ पासून तीन भागांत गाथेचे इंग्रजी भाषांतर केले, तेही अशा छापील आवृत्त्या हाताशी होत्या म्हणून.

त्यानंतर स्वातंत्र्य आले. तुकोबांच्या निर्वाणाला तीनशे वर्षे झाली तेव्हा मुंबई सरकारने १९५० साली पु. मं. लाड यांच्या देखरेखीखाली गाथा पुन्हा काढली. ती मुख्यतः पंडितांच्या प्रतीवर आधारलेली होती आणि किंमत सामान्य माणसाला परवडेल अशी ठेवली होती. साडेचार हजारांवर अभंगांचा तो ग्रंथ कितीतरी घरांत देवघराशेजारी आढळतो. एका सरकारने संपादकांचा वेळ विकत घेतला आणि दुसऱ्या सरकारने वाचकाची किंमत कमी केली. अनुदानाच्या या दोन निरनिराळ्या वाटा आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत. पहिली वाट चोखाळलेली नसती तर दुसरीला स्वस्तात वाटण्यासारखे काही मिळाले नसते.

सत्तेचाळीस वर्षांचे काम

महाराष्ट्रात झालेले संपादनाचे सर्वांत मोठे काम म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. संस्था १९१७ साली स्थापन झाली. औंधचे राजेसाहेब श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले, आणि १९१९ साली डॉ. रा. गो. भांडारकर यांच्या हस्ते आरंभ झाला. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते आणि आवृत्तीसाठी त्यांनी चित्रेही काढली. १९२५ साली डॉ. वि. सी. सुखटणकर प्रमुख संपादक झाले तेव्हा कामाला शिस्त आली. प्रत्येक श्लोकासाठी चौकटी आखलेला कागद असे. वरच्या ओळीत श्लोक एकेक अक्षर सुटे करून लिहावयाचा आणि खाली प्रत्येक हस्तलिखितात त्या जागी कोणते अक्षर आहे ते नोंदवावयाचे. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या निरनिराळ्या लिप्यांतील एकूण १,२५९ हस्तलिखिते या कामी तपासली गेली.

पहिला लहानसा भाग १९२७ साली आणि आदिपर्व पूर्ण १९३३ साली निघाले. सुखटणकर १९४३ साली वारले. त्यांच्यामागून डॉ. श्री. कृ. बेलवलकर आणि नंतर डॉ. प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली. सभापर्वाचे संपादन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केले. १९६६ साली राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. या सत्तेचाळीस वर्षांत राज्ये बदलली, संस्थाने विलीन झाली, महायुद्ध होऊन गेले. औंधच्या देणगीवरच अवलंबून राहिले असते तर काम केव्हाच थांबले असते. मुंबई सरकार, भारत सरकार, मुंबई विद्यापीठ, हैदराबादसह निरनिराळी संस्थाने अशा अनेकांचे हात त्याला लागले. ज्या कामाला दोन पिढ्या लागणार, त्याला एकच दाता असणे धोक्याचे असते.

हा धोका केवळ आपल्याकडे आहे असे नव्हे. अमेरिकेत १९६५ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज’ या सरकारी संस्थेने चिकित्सक आवृत्त्या आणि भाषांतरे यांच्यासाठी स्वतंत्र अनुदान योजना वर्षानुवर्षे चालविली. तिच्या आधारावर अनेक दीर्घ प्रकल्प उभे राहिले. परंतु एप्रिल २०२५ मध्ये धोरण बदलले आणि या संस्थेची आधीच मंजूर झालेली शेकडो अनुदाने रद्द करण्यात आली. अर्धवट ताडलेल्या प्रती आणि अर्धवट झालेली भाषांतरे घेऊन संपादक बसून राहिले. श्रीमंत देशातही एका पत्राने एवढे घडू शकते.

राज्य स्थापन झाल्यावर

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले. मराठीतील विद्येच्या ग्रंथांना सरकारी पैसा मिळण्याचा हा मोठा मार्ग ठरला. १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादिलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ मंडळाने काढले. ज्यांचे नाटक एके काळी सरकारी बक्षिसाच्या समितीने नाकारले, त्यांचेच वाङ्मय सरकारी पैशाने छापले गेले. ‘तृतीय रत्न’ त्या वेळी हाती आलेले नव्हते. ते पुढच्या आवृत्त्यांत समाविष्ट झाले.

१९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांचे ‘लीळाचरित्र’ मंडळानेच प्रसिद्ध केले. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपून ठेवले होते. त्या लिप्या उलगडणे, पंथीयांचा विश्वास मिळविणे आणि मग प्रती ताडणे, असे हे तिहेरी काम होते. मराठीच्या आद्य गद्याचा अभ्यास आपण बी. ए. च्या वर्गात करतो, तो या उलगड्यानंतरच शक्य झाला. विद्यापीठांनीही वाटा उचलला. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ १९६३ साली पुणे विद्यापीठाने काढले. पांडुरंग पिसुर्लेकर यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ याच विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केले. आपले करंजा बेट दीर्घकाळ पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. त्या काळाची कागदपत्रे पोर्तुगीज भाषेत आहेत, तेव्हा असे ग्रंथ आपल्या घरच्या इतिहासाचेच ग्रंथ होत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड राज्याच्या शिक्षण विभागाने १९७९ साली काढला. वसंत मून यांनी त्याचे संपादन केले. अप्रकाशित हस्तलिखितांतील सुटी पाने लावण्यापासून हे काम होते. किंमत अल्प ठेवल्यामुळे खंड गावोगाव पोहोचले. परंतु याच मालेच्या बाबतीत २०२१ साली निराळी गोष्ट पुढे आली. छपाईसाठी कोट्यवधी रुपयांचा कागद घेऊनही खंडांची छपाई रेंगाळल्याची बातमी ‘लोकसत्ता’ने दिली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. यावरून दिसते की पैसा मंजूर होणे आणि ग्रंथ वाचकाच्या हाती पडणे, या दोन गोष्टींत बरेच अंतर असते. ते अंतर तोडण्यासाठी चिकाटीने पाठपुरावा करणारा संपादक लागतो.

भाषांतराची बाजू

भाषांतर हे संपादनाचे धाकटे भावंड आहे. आधी संहिता निश्चित व्हावी लागते, मग भाषांतर करता येते. भांडारकर संस्थेची आवृत्ती पूर्ण झाली म्हणून शिकागोचे व्हॅन ब्यूटेनेन यांना १९७३ पासून, आणि आपल्याकडे बिबेक देबराय यांना २०१० पासून, तिच्यावरून महाभारताचे इंग्रजी भाषांतर करता आले.

भाषांतरासाठी आज काही दारे उघडी आहेत. साहित्य अकादमी भाषांतरे प्रसिद्ध करते आणि १९८९ पासून भाषांतराला स्वतंत्र पुरस्कार देते. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानात २००८ साली राष्ट्रीय अनुवाद मिशन सुरू झाले. ज्ञानविषयक ग्रंथ भारतीय भाषांत आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. खाजगी दानातून उभे राहिलेले उदाहरण म्हणजे मूर्ती क्लासिकल लायब्ररी. रोहन मूर्ती यांनी २०१० साली हार्वर्ड विद्यापीठाला ५२ लाख डॉलर दिले आणि २०१५ पासून एका पानावर मूळ संहिता व समोरच्या पानावर इंग्रजी भाषांतर असे ग्रंथ निघू लागले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले लीळाचरित्राचे भाषांतर या मालेत २०२४ साली येऊ लागले. सयाजीराव महाराजांच्या दोन लाखांची आठवण व्हावी, अशीच ही रीत आहे: एकदा निधी द्यावयाचा आणि काम पिढ्यान्‌पिढ्या चालू द्यावयाचे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे. परंतु दर्जा मिळाला म्हणून हस्तलिखिते आपोआप वाचली जात नाहीत. त्या दर्जाचा उपयोग मोडी आणि सकळ लिपी वाचणारे तरुण तयार करण्यासाठी झाला, तरच तो सत्कारणी लागला असे म्हणता येईल.

आमचा अर्ज परत आला

आता थोडे घरचे. माझी आजी धवलारीण आहे. आपल्या भागातील आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले गाते आणि तिच्या धवल्यांवाचून लग्न लागल्यासारखे वाटत नाही. मांडव, हळद, पाठवणी, प्रत्येक प्रसंगाचे धवले निराळे. महानुभाव कवयित्री महदंबेचे ‘धवळे’ आपण मराठी साहित्याच्या इतिहासात पहिल्या कवयित्रीची रचना म्हणून शिकतो. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या रचनेला संपादक मिळाले. त्याच नावाचे गीत करंज्याच्या किनाऱ्यावर आजही गायिले जाते, त्याचे काय, असा प्रश्न वर्गात आमच्या सरांनी विचारला आणि माझी मान खाली गेली. घरी आजीच्या धवल्यांची एक वही आहे, हे मला ठाऊक होते. माझ्या काकांनी शाळेत असताना ती लिहून घेतली होती. मी ती कधी उघडून पाहिली नव्हती.

सरांनी आणि आम्ही तिघींनी मिळून एका संस्थेकडे अनुदानासाठी अर्ज केला. वहीतील धवले जसेच्या तसे छापावयाचे आणि वर प्रस्तावना लिहावयाची, एवढाच आमचा बेत होता. खर्चाच्या तक्त्यात छपाई, मुखपृष्ठ आणि प्रकाशन समारंभ एवढ्या तीनच बाबी होत्या. दोन महिन्यांनी अर्ज परत आला. सोबत तीन प्रश्न होते. वहीशिवाय आणखी कोणते पाठ तपासले? गाणाऱ्या स्त्रीची संमती घेतली आहे काय? मूळ वही आणि ध्वनिमुद्रण कोठे ठेवणार?

त्या दिवशी आम्हाला फार वाईट वाटले. मुंबई-पुण्याबाहेरच्या महाविद्यालयाला कोण विचारतो, असेही बोलून झाले. पण रागाच्या भरात मी वही घेऊन आजीजवळ बसले आणि तिला एक धवला म्हणावयास सांगितले. ती गाऊ लागली तसतशी मी वहीत बोट फिरवीत होते. तिसऱ्याच ओळीला वही एकीकडे आणि आजी दुसरीकडे. काकांनी लिहिताना बोलीतले शब्द शाळेच्या मराठीत बदलून टाकले होते; दोन ठिकाणी ओळीच गाळल्या होत्या. आजीला विचारले तर ती हसली. नवरी कोणत्या गावची आहे यावर काही ओळी बदलतात, असे ती म्हणाली. तिची मैत्रीण मोऱ्याला राहते, ती हाच धवला आणखी निराळा गाते.

म्हणजे विचारलेले प्रश्न बरोबर होते. महाभारताच्या हस्तलिखितांना लागू पडते तेच आजीच्या वहीलाही लागू पडते. एक फरक मात्र आहे. तोंडी परंपरेत ‘मूळ’ असा एकच पाठ शोधून काढता येत नाही. येथे प्रत्येक गायन हीच एक प्रत. कोणी गायिले, कोठे, कोणत्या दिवशी, कोणत्या प्रसंगी, हे नोंदवून सर्व पाठ शेजारी शेजारी द्यावयाचे, हेच येथे प्रामाणिक संपादन. आम्ही ते केले नव्हते. आम्ही छपाईसाठी पैसे मागितले होते. आम्हाला लागत होता तो वेळ.

आपल्याला काय करता येईल?

अनुदान देणाऱ्याला चार गोष्टी दिसाव्या लागतात, असे आता मला समजले आहे. हे काम का करावे, साधने कोठे आहेत, काम करणाऱ्याला ते येते काय आणि ते किती दिवसांत पुरे होईल. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींची तयारी अनुदानापूर्वी, जवळजवळ बिनखर्चाने, करता येते. सर्व साधनांची यादी करावी. प्रत्येक वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावे. ध्वनिमुद्रण आज हातातल्या फोनवर होते. फक्त आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख बोलून ठेवावी आणि तिची परवानगी घ्यावी. वीस-पंचवीस पानांचा नमुना पाठभेदांसह तयार करावा. अर्जापेक्षा हा नमुनाच अधिक बोलतो. खर्चाच्या तक्त्यात साहाय्यकाचे मानधन, प्रवास आणि तज्ज्ञाकडून तपासणी यांना छपाईच्या आधी जागा द्यावी. गाणारणीचे मानधनही त्यात असावे. ज्यांच्या कंठात ग्रंथ आहे त्यांना आपण साधन समजू नये.

एकाच दारी जाऊ नये, हा महाभारताच्या आवृत्तीचा धडाही आपल्याला लागू आहे. थोडे महाविद्यालयाने द्यावे, थोडे ग्रामपंचायतीने, थोडे गावाने. उरलेल्यासाठी राज्याकडे किंवा केंद्राकडे अर्ज करावा. माघी गणपतीला आणि देवीच्या जत्रेला आपली गावे वर्गणी काढतात. त्यातील एका वर्षाची थोडी वर्गणी धवल्यांसाठी मागितली तर गाव नाही म्हणेल, असे मला वाटत नाही.

आम्ही अर्ज पुन्हा करणार आहोत. आतापर्यंत आजीचे अकरा धवले मुद्रित झाले आहेत, मोऱ्याच्या आजींचे चार. सरांनी ग्रंथालयात एक कपाट मागून घेतले आहे आणि त्याला कुलूप आहे. ज्यांच्या घरी धवल्यांच्या, आरत्यांच्या किंवा भजनांच्या वह्या असतील, जुनी मोडी कागदपत्रे असतील, त्यांनी ती आणून दाखवावीत. छायाचित्रे घेऊन मूळ वही त्याच दिवशी परत केली जाईल. आजी यंदा ऐंशीची होईल. अनुदानाचा निर्णय व्हावयास वर्ष-दीड वर्ष लागते, असे सांगतात. तेवढे थांबण्याची आमची तयारी आहे. मुद्रणाचे काम मात्र येत्या रविवारीही चालूच राहील.